सी हॅरिअर आणि व्हायपर: एकाच दुकानातून आणलेल्या दोन किटांचे परीक्षण

पणजीत एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर, शिवणयंत्रांचे सुटे भाग विकणाऱ्या गाळ्याला लागून, जोडायच्या प्लॅस्टिक विमानांचे एक अरुंद दुकान आहे. दोन गिऱ्हाइके आत असली की तिसऱ्याला जिन्यावर थांबावे लागते. दुकानाचे नाव मी येथे देत नाही, कारण पुढे एक तक्रार नोंदवायची आहे आणि मालकांशी असलेले संबंध मला टिकवायचे आहेत. हा छंद असणाऱ्यांना ते दुकान ठाऊक आहेच. जूनच्या पहिल्या आठवड्यात मी तेथून दोन किटे घेतली. एक होते 1/72 प्रमाणातले सी हॅरिअर, म्हणजे ज्याच्या आवाजाने वास्कोतील आमच्या शाळेत बाईंचे बोलणे वाक्याच्या मध्यावर थांबत असे ते विमान. दुसरे होते 1/32 प्रमाणातले व्हायपर मार्क टू, ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ या मालिकेच्या 2003 साली सुरू झालेल्या नव्या अवतारातले एकआसनी लढाऊ यान. पहिले मला 2,650 रुपयांना पडले आणि दुसरे 4,800 रुपयांना. दोन्ही पूर्ण व्हायला नोव्हेंबर उजाडला आणि त्यात माझ्या आळसाचा वाटा फारच थोडा आहे.

ही दोन किटे आलटून पालटून, एकाच टेबलावर जोडायची असे मी आधीच ठरवले होते. माझ्या एका मित्राचे ठाम मत असे की दूरदर्शनवरच्या यानांना विमान म्हणणे म्हणजे मखरातल्या थर्मोकोलच्या देवळाला देऊळ म्हणणे आहे. मला ते कधी पटले नाही. लढाऊ विमान, मग ते धातूचे असो की पडद्यावरचे, मी त्याच्या गैरसोयींवरून वाचतो: कुठे चाक नको तिथे आले आहे, कुठे नाक दुमडावे लागले आहे, काय उचलता आले नाही म्हणून काय सोडून दिले आहे. ज्या मालिकांनी आपल्या यानांना अशा गैरसोयी दिल्या त्यांची याने माझ्या कपाटात आहेत, आणि ज्यांनी दिल्या नाहीत त्यांची नाहीत. किट जोडताना या गैरसोयी डोळ्यांपेक्षा बोटांना आधी कळतात, म्हणून हा प्रयोग.

सी हॅरिअरपासून सुरुवात करतो. भारतीय नौदलाची पहिली तीन सी हॅरिअर 16 डिसेंबर 1983 रोजी दाबोळीला उतरली आणि ‘व्हाइट टायगर्स’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या 300 क्रमांकाच्या स्क्वाड्रनने ती 2016 पर्यंत उडवली. मे 2016 मध्ये आयएनएस हंसा या दाबोळीच्याच नौदल हवाई तळावर त्यांना निरोप दिला गेला. माझे शालेय आणि बऱ्याच अंशी प्रौढ आयुष्य या दोन तारखांच्या मध्ये बसते. चिखलीच्या चढावर सायकल हातात धरून उभे राहिले की ती दिसत, पण त्याआधी ऐकू येत, आणि तो आवाज इतर जेटसारखा लांबून येऊन लांब जाणारा नव्हता. तो एका जागी थांबून राही. त्याचे कारण मला पुष्कळ उशिरा कळले.

ते कारण किटच्या चौथ्या पायरीत हातात येते. पेगासस इंजिनाला मागे एकच तोंड नसून दोन्ही बाजूंना मिळून चार फिरती नोझल्स आहेत. पुढच्या दोहोंतून पंख्याची तुलनेने थंड हवा निघते आणि मागच्या दोहोंतून तप्त वायू. ती मागे वळवली की विमान पुढे जाते, खाली वळवली की हवेत उभे राहते, आणि उभ्या रेषेच्या किंचित पुढेही वळवता येतात, म्हणजे ब्रेक लागतो. वैमानिकाकडे यासाठी थ्रॉटलशेजारी एक जादा दांडा असतो. किटमध्ये नोझलच्या खुंटीला डिंक लावला नाही तर ते फिरते राहते, ही सोय छान आहे. मात्र खऱ्या विमानात चारही नोझल्स एकत्रच फिरतात, आणि येथे प्रत्येक जण आपापल्या मर्जीने फिरतो. मी शेवटी जाड पुठ्ठ्याचा एक कोन कापून चारही त्याला टेकवली आणि मगच चिकटवली. हे न केल्यास विमान लंगडल्यासारखे दिसते.

इंजिनाचा पंखा आणि हवा आत घेणारे दोन्ही मार्ग आधी रंगवून धडाच्या दोन भागांत बसवायचे, मग धड मिटवायचे, आणि अखंड एका तुकड्यात आलेला पंख वरून खाली ठेवायचा, असा क्रम आहे. पहिल्यांदा मी नाक मुरडले, कारण पंख बसवल्यावर आतले काहीच दुरुस्त करता येत नाही. नंतर लक्षात आले की हा क्रम विमानानेच घालून दिलेला आहे. खऱ्या हॅरिअरचे इंजिन बदलायचे असेल तर आख्खा पंख उचलून बाजूला काढावा लागतो. ज्या जहाजाच्या पोटात जागा मोजून मिळते तेथे हे काम करणाऱ्या नाविकांचे काय होत असेल, याचा विचार मी पुट्टी घासता घासता बराच वेळ केला.

पंखाच्या टोकांशी दोन बारीक चाके येतात. मुख्य चाके सायकलसारखी एकामागे एक आहेत, कारण बाजूंना नोझल्स आहेत आणि त्यांच्या झोतात चाक ठेवता येत नाही. मग तोल राखायला ही टोकाची चाके. या किटमधला सर्वांत नाजूक भाग तोच, आणि डाव्या बाजूचे चाक माझ्याकडून दोनदा तुटले. पंख खाली झुकलेला आहे, त्यामुळे चारही टेकू एकाच वेळी जमिनीला लागतील असे बसवायला आरशाचा तुकडा खाली ठेवून पाहावे लागते. साचे मात्र स्वच्छ आहेत, पत्र्यांच्या सांध्यांच्या रेषा बारीक आहेत, आणि फ्लॅश, म्हणजे कडेला सांडलेले जादा प्लॅस्टिक, जवळपास नाही. एका गोष्टीसाठी गुण कापावे लागतील. हवा आत घेणाऱ्या मार्गाच्या कडेने छोट्या झडपांची रांग असते, आणि उभ्या विमानात वरच्या झडपा आपल्या वजनाने आत लोंबकळतात, तर खालच्या मिटलेल्या राहतात. किटने सगळ्याच मिटवून टाकल्या आहेत. उभे विमान दाखवायचे असेल तर वरच्या कोरून काढाव्या लागतात. मी दोन संध्याकाळी त्यात घालवल्या आणि तिसऱ्या दिवशी बोट कापून घेतले.

खोक्यात खुणा फक्त ब्रिटिश नौदलाच्या आहेत. भारतीय खुणांचा डिकॅल कागद, म्हणजे विमानावर चिकटवायच्या छापील खुणा, वेगळा घ्यावा लागतो, आणि तेवढ्याने भागत नाही. खोक्यातली साइडवाइंडर क्षेपणास्त्रे आपल्या विमानाला चालत नाहीत, कारण आपल्या सी हॅरिअरांवर फ्रेंच मॅजिक क्षेपणास्त्रे होती आणि पुढे सुधारणा झाल्यावर इस्रायली रडारसोबत डर्बी आली. मॅजिकची जोडी मला जुन्या सामानाच्या डब्यात सापडली. ज्याच्याकडे असा डबा नाही त्याने खरेदीपूर्वीच याची चौकशी करावी.

रंग आणि बारकावे पाहायला मी एका रविवारी बोगमाळोच्या नौदल वायुवाहन संग्रहालयात गेलो. हे संग्रहालय 1998 पासून आहे, आणि तेथे सी हॅरिअर, त्याआधीचे सी हॉक, पाणबुड्या शोधणारे फ्रेंच आलिझे आणि सगळ्यांना लहान करून टाकणारे सुपर कॉन्स्टेलेशन अशी विमाने उघड्यावर उभी आहेत. किट जोडलेल्या माणसाने तेथे विमानाच्या समोर उभे राहू नये. गुडघ्यावर बसून खालून पाहावे. फोटोंत विमाने शानदार दिसतात, खालून ती खरी दिसतात: रिव्हेटच्या ओळी, रंगाचे थर आणि समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने धरलेला डाग. तेथल्या सी हॅरिअरच्या पोटाखाली मी इतका वेळ होतो की एका शाळकरी सहलीतील मुलांनी माझ्याकडे बोट दाखवून आपल्या सरांना काहीतरी विचारले.

मला पाहायची होती ती पंखांच्या टोकांची, नाकाची आणि शेपटीची बारीक छिद्रे. विमान हवेत एका जागी उभे असते तेव्हा पंखांवरून हवा वाहत नाही, त्यामुळे एलेरॉन आणि रडर, म्हणजे पंखांवरची आणि शेपटीवरची विमान वळवणारी पाने, निरुपयोगी होतात. मग इंजिनातील दाबाखालची हवा नळ्यांनी या चार टोकांकडे नेलेली असते, आणि वैमानिक दांडा हलवतो तेव्हा तेथून फुंकर सुटते. एका बाजूने फुंकर, दुसऱ्या बाजूला कल. अवकाशयान आपली दिशा अशाच फुंकरींनी बदलते. म्हणजे सी हॅरिअर हवेत उभे असताना काही क्षण अवकाशयानासारखे वागत असे, आणि हे दाबोळीच्या धावपट्टीवर रोज घडत होते.

येथे माझ्या मित्राचा आक्षेप मला सर्वाधिक कमजोर वाटतो. 1994 ते 1998 या काळात चाललेल्या ‘बॅबिलॉन 5’ मधले स्टारफ्युरी पाहा. चार भुजांच्या टोकांना इंजिने आहेत, मध्ये वैमानिक जवळजवळ उभा असतो, आणि यान एका दिशेने जात असतानाच गर्रकन मागे तोंड फिरवून पाठलाग करणाऱ्यावर गोळ्या झाडते, तरीही पुढे जाणे थांबत नाही, कारण निर्वात पोकळीत तसेच होते. त्या मालिकेची दृश्ये आज पाहिली तर संगणकावर घाईने केलेली वाटतात, पण तिच्या निर्मात्यांनी यानाला एक ठसठशीत गैरसोय दिली: मूळ स्टारफ्युरी वातावरणात उडू शकत नाही. त्यासाठी मालिकेला पुढे थंडरबोल्ट हे पंखांचे वेगळे यान आणावे लागले. काय जमत नाही हे ज्याने आधी ठरवले, त्याने विमान रचले आहे असे मी मानतो. दुर्दैवाने स्टारफ्युरीचे किट दुकानात नव्हते.

व्हायपर होते, आणि ते जोडायला सी हॅरिअरच्या निम्मा वेळही लागला नाही. ही स्तुती आहे की टीका हे मला अजून ठरवता आलेले नाही. भाग मोठे आहेत, सांधे जाड आहेत, मोठ्या पृष्ठभागांवर दोन ठिकाणी प्लॅस्टिक आत ओढले जाऊन खळगे पडले आहेत आणि ते पुट्टीने भरावे लागतात. वैमानिकाची खुर्ची मात्र अप्रतिम आहे. पट्टे, बकल, बाजूच्या पॅनलवरची बटणे सगळे रंगवण्यासारखे आहे. तयार झाल्यावर ते वीतभराहून थोडे मोठे भरते. 20 सेंटीमीटर लांबीचे सी हॅरिअर त्याच्याशेजारी ठेवले की प्रमाणे वेगळी असल्यामुळे मालिकेतले यान खऱ्या विमानापेक्षा थोर दिसते, आणि घरी आलेल्या पाहुण्यांची पहिली नजर त्याच्याकडेच जाते, याची मला खंत आहे.

माझा भाचा सहावीत आहे. त्याने व्हायपर हातात घेऊन विचारले, “मामा, अवकाशात हवा नाही तर ह्याला पंख कशाला?” मी त्याला सांगितले की हे यान ग्रहाच्या वातावरणातही उतरते, म्हणून. त्यावर त्याने विचारले की मग एवढेसे पंख पुरतात का, आणि मी त्याला शहाळे आणायला पाठवले. पंख पुरत नाहीत, हे उघड आहे. 1978 सालच्या मूळ मालिकेत ते यान सुंदर दिसावे म्हणून तसे रचले गेले, आणि नव्या मालिकेने त्याचा आकार जपला. पण नव्या मालिकेने त्याच्या अंगावर फुंकरींची तोंडे दिली, त्याला वळताना गती मोडू दिली नाही, आणि अवकाशातील आवाज बऱ्यापैकी दबका ठेवला. किटवर ही तोंडे दाखवलेली आहेत, त्यांच्याभोवती काजळीचा रंग किंचित घासला की यान वापरातले वाटते.

पण व्हायपर मार्क टूची खरी गंमत त्याच्या वयात आहे. नव्या मालिकेच्या सुरुवातीला गॅलॅक्टिका हे जुने जहाज सेवेतून काढून संग्रहालय केले जात असते. शत्रूचा हल्ला होतो, नव्या बनावटीची व्हायपर याने त्यांच्या संगणकांतूनच निकामी केली जातात, आणि मग संग्रहालयात मांडून ठेवलेली जुनी मार्क टू याने झटकून, इंधन भरून लढायला काढली जातात, कारण ती कशालाच जोडलेली नसतात. ही कल्पना मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा आपले पहिले विक्रांत मुंबईत संग्रहालय म्हणूनच उभे होते. 1961 साली नौदलात आलेले ते जहाज 1997 मध्ये निवृत्त झाले, काही वर्षे लोकांनी ते तिकीट काढून पाहिले, आणि 2014 मध्ये ते मोडीत निघाले. सी हॅरिअर ज्या विराटवरून उडत, त्याचेही संग्रहालय करायच्या चर्चा झाल्या. 2017 मध्ये निवृत्त झालेले ते जहाज 2020 मध्ये अलंगच्या भंगार किनाऱ्याला लागले. फॉकलंडच्या युद्धात ब्रिटिश ताफ्याचे प्रमुख जहाज म्हणून जे हर्मिस या नावाने लढले, तेच हे विराट. बोगमाळोच्या आवारातली विमाने पाहताना मला गॅलॅक्टिकाची आठवण येते ती यामुळे, जरी आपल्या सी हॅरिअरला पुन्हा उडवायचे कोणाच्या मनात येणार नाही.

मालिकेतल्या त्या युक्तीवर माझा एक आक्षेप आहे आणि तो येथे नोंदवून टाकतो. संगणक जोडलेले असणे आणि संगणक असणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. आपले तेजस हे हलके लढाऊ विमान मुद्दामच अस्थिर रचलेले आहे, म्हणजे त्याचे चार वाहिन्यांचे डिजिटल उड्डाण नियंत्रण बंद पडले तर कोणताही वैमानिक ते सरळ ठेवू शकणार नाही. जुने तेच भले हा गॅलॅक्टिकाच्या कप्तानाचा बाणा दाबोळीला आज कामाचा नाही.

त्याच मालिकेच्या दुसऱ्या मोसमात मात्र लढाऊ विमानाच्या विकासावरचा एक भाग आहे, आणि तो मी कोणालाही दाखवायला तयार आहे. जहाजाचा मुख्य तंत्रज्ञ भंगारातून आणि उरल्यासुरल्या भागांतून एक नवे यान बांधायला घेतो. आधी सगळे हसतात, मग एकेक जण पाना घेऊन मदतीला येतो. पत्रा मिळत नाही, म्हणून कार्बन कॉम्पोझिटची त्वचा लावली जाते, आणि त्यामुळे ते यान रडारवर दिसेनासे होते. टंचाईतून गुण निघतो हे दाखवणारे लेखक मला विश्वासू वाटतात. तेजसच्या सांगाड्यातही वजनाने सुमारे 45 टक्के कॉम्पोझिट आहे, अर्थात तेथे तो विचारपूर्वक घेतलेला निर्णय होता. फरक वेळेचा आहे. मालिकेतले यान एका भागात उडते. हलक्या लढाऊ विमानाचा आपला प्रकल्प 1983 मध्ये मंजूर झाला, पहिले उड्डाण 4 जानेवारी 2001 रोजी झाले आणि पहिले स्क्वाड्रन 1 जुलै 2016 रोजी उभे राहिले. ज्या वर्षी पहिली सी हॅरिअर दाबोळीला आली त्याच वर्षी सुरू झालेल्या प्रकल्पाचे स्क्वाड्रन ती निवृत्त झाली त्याच वर्षी उभे राहिले.

इंजिनाचा मुद्दा निघाला की मला आणखी एका मालिकेचा संदर्भ दिल्याशिवाय राहवत नाही. ‘स्टारगेट एसजी-1’ मध्ये अमेरिकी हवाई दल शत्रूची दोन याने जोडून, त्यांत आपली उपकरणे बसवून एक्स-301 तयार करते, आणि पहिल्याच चाचणीत त्यातील मूळ मालकाचे लपलेले यंत्र जागे होऊन यानाला वैमानिकांसकट खेचून नेते. पुढे सगळे स्वतः बांधलेले एक्स-302 येते. (शत्रूचे नाव गोआउल्ड आहे, आमच्या घरी ते नाव ऐकून पहिल्यांदा झालेला गोंधळ येथे सांगत बसत नाही.) या मालिकेला अमेरिकी हवाई दलाचे प्रत्यक्ष सहकार्य होते, इतके की मायकेल रायन आणि जॉन जम्पर हे दोन हवाई दल प्रमुख त्यात स्वतःच्याच भूमिकेत दिसले. परक्या इंजिनावर आपले विमान उभे करण्याचा हिशेब आपल्याला ठाऊक आहे. जर्मन अभियंते कर्ट टँक यांनी बंगळुरूला रचलेले मरुत हे लढाऊ विमान 1961 मध्ये उडाले, त्याला हवे तसे इंजिन कधी मिळाले नाही, आणि ध्वनीपेक्षा वेगाने जाण्यासाठी आखलेले विमान त्याच्या खालीच राहिले. तेजससाठी आपले कावेरी इंजिन अपेक्षित जोर देऊ शकले नाही, म्हणून अमेरिकी एफ-404 बसवावे लागले. 1998 च्या अणुचाचण्यांनंतर अमेरिकेने हात आखडता घेतला तेव्हा उड्डाण नियंत्रणाची आज्ञावली मात्र आपल्या लोकांनी येथेच पूर्ण केली.

नौदलाच्या तेजसची गोष्ट तर माझ्या घरापासून काही किलोमीटरवर घडली. आयएनएस हंसावर जहाजाच्या टोकासारखा चढ आणि विमान अडवायच्या तारा असलेली चाचणी धावपट्टी बांधली आहे. तेथून 20 डिसेंबर 2014 रोजी नौदलाच्या तेजसने चढावरून पहिली झेप घेतली, 13 सप्टेंबर 2019 रोजी तारेत हूक अडकवून ते पहिल्यांदा थांबले, आणि 11 जानेवारी 2020 रोजी कमोडोर जयदीप मावळणकर यांनी ते विक्रमादित्य या विमानवाहू जहाजावर उतरवले. जमिनीसाठी रचलेल्या विमानाला हूक द्यायचा, चाकांचे पाय जाड करायचे, वैमानिकाला डेक दिसावा म्हणून नाक खाली झुकवायचे, आणि प्रत्येक वेळी वजन वाढवायचे. 2016 मध्येच नौदलाने सांगितले की विमान पुरेसे वजन घेऊन जहाजावरून उडू शकत नाही. सध्या त्याच्या जागी दोन इंजिनांच्या वेगळ्या विमानाची आखणी चालू आहे. चढावरून झेप घ्यायची युक्ती मुळात डग टेलर या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याची आणि सी हॅरिअरसाठीच आणलेली, कारण सरळ वर उठताना सी हॅरिअर इंधन आणि शस्त्रे यांचा पूर्ण भार उचलू शकत नसे. विराटवरचा चढ 12 अंशांचा होता. तेजसचे चांगले किट मालकांकडे आले तर दोन घेईन असे मी त्यांना सांगून ठेवले आहे, एक हवाई दलाचे आणि एक हूक लावायला.

आता तक्रार. वेगळा घेतलेला भारतीय खुणांचा डिकॅल कागद घरी येऊन उघडला तर पिवळा पडलेला निघाला, आणि पांढऱ्या वाघाचे डोके हळद लावल्यासारखे दिसत होते. मी तो परत घेऊन गेलो. मालकांनी बदलून देण्यास नम्रपणे नकार दिला, कारण दुसरा कागद त्यांच्याकडे नव्हता, आणि कोकणीत सांगितले, “पावस सोंपूं दी, वत पडलें काय सारकें जातलें.” पाऊस संपला की उन्हात ठेवा, ठीक होईल. हा उपाय खरा आहे: कागद पारदर्शक पिशवीत घालून खिडकीच्या काचेला आतून चिकटवला की उन्हाने पिवळेपणा उतरतो. पण जुलैत गोव्यात ऊन कोठून आणायचे? विकताना पिशवी उघडून दाखवली असती तर मी ऑक्टोबरपर्यंत खरेदीच पुढे ढकलली असती. त्याच दुकानातली डिंकाची एक बाटलीही निम्मी आळलेली निघाली, ती मात्र त्यांनी लगेच बदलून दिली आणि वर एक निपर सवलतीत दिला. जुना माल कोणता आणि नवा कोणता हे त्यांनी खोक्यावर लिहून ठेवावे, एवढेच माझे मागणे आहे.

पावसाने रंगालाही सोडले नाही. मी लॅकर रंग एअरब्रशने मारतो, आणि हवेत दमटपणा जास्त असला की सुकणाऱ्या थरावर पाणी धरते आणि गडद राखाडीवर पांढुरका धुरकटपणा उमटतो. सी हॅरिअरची वरची बाजू गडद समुद्री राखाडी आणि पोट पांढरे, ही सुरुवातीच्या काळातली रंगसंगती मी निवडली होती, त्यामुळे दोष लपायला जागाच नव्हती. दोनदा रंग उतरवून घासला. मग गणपतीची चवथ आली, आणि आईने माटोळीचे, म्हणजे मूर्तीवर टांगायच्या फळापानांच्या सजावटीचे, सामान ठेवायला टेबल रिकामे करून मागितले. दोन्ही अर्धवट विमाने पंधरा दिवस तांदळाच्या रिकाम्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत पडून राहिली. ज्यांना गोव्यात हा छंद करायचा आहे त्यांनी जून ते सप्टेंबर फक्त घासकाम आणि जोडकाम करावे, आणि रंगासाठी दसऱ्याची वाट पाहावी. किंवा ॲक्रिलिक वापरावे, जे मला हाताला रबरासारखे लागते म्हणून आवडत नाही.

ऑक्टोबरच्या उन्हात कागद नऊ दिवस काचेला लागला होता. वाघ पांढरा झाला, पूर्ण नाही, पण शेपटीच्या राखाडीवर तो शोभण्याइतका. व्हायपरचे डिकॅल मुळातच उत्तम होते, पातळ, आणि पत्र्याच्या रेषांत मऊपणे बसणारे.

दहापैकी सी हॅरिअरला मी आठ देतो. मॅजिक क्षेपणास्त्रे आणि भारतीय खुणा वेगळ्या जमवाव्या लागतात, ही नोंद धरून. व्हायपरला साडेसहा, त्यातला अर्धा त्या खुर्चीसाठी. दुकानाला सात, आणि दुपारी एक ते चार ते बंद असते हे ध्यानात ठेवावे. मी दोनदा जिन्यावर बसून वाट पाहिली आहे. सत्तरच्या दशकातल्या मालिकांसाठी याने बांधणारे कारागीर दुकानातून रणगाड्यांची आणि विमानांची किटे आणत आणि त्यांचे सुटे भाग यानांच्या अंगावर चिकटवत, हे मी भाच्याला सांगितल्यापासून माझा उरल्यासुरल्या भागांचा डबा सुरक्षित राहिलेला नाही. सी हॅरिअरच्या नको असलेल्या दोन साइडवाइंडरांची त्याने इंजिने केली आहेत, व्हायपरच्या खोक्यातला एक जादा पंख उभा लावला आहे, आणि रविवारी येऊन तो मला विचारत होता की उतरताना इंजिनाच्या झोतात येणार नाहीत अशी चाके नेमकी कोठे बसवावीत.